अपमान, श्वास आणि शाळा

सहावीचा वर्ग आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे आहेत. गुरुजी यादी समोर ठेवून एकेक नाव वाचतात आणि नावापाठोपाठ प्रवर्गही मोठ्याने वाचतात. मागच्या बाकावरून कुणीतरी खुसखुसते. तांड्यावरून आलेला एक मुलगा मान खाली घालतो. त्याची छाती धडधडू लागते, तळवे ओले होतात, घशाला कोरड पडते. पुढच्या तासाला गणिताची चाचणी असते. काल घरी बरोबर सोडवलेले अपूर्णांकाचे उदाहरण आज त्याला सुचत नाही. गुरुजी म्हणतात, "लक्ष नसतं तुझं."

हा प्रसंग आम्ही कल्पनेने उभा केला आहे. पण वाशीम जिल्ह्यात शिकवणाऱ्या शिक्षकांना तो अगदीच अनोळखी वाटू नये. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. संत सेवालाल महाराजांमुळे देशभरच्या बंजारा समाजाला पूज्य असलेले पोहरादेवी हे ठिकाण याच जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात आहे. विदर्भातल्या इतर जिल्ह्यांप्रमाणे येथेही गावोगावी बौद्ध वस्त्या आहेत. महाराष्ट्रात बंजारा समाजाची नोंद 'विमुक्त जाती' या गटात होते. 'विमुक्त' या शब्दामागे एक इतिहास आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने देशातील अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कायदा गेला, पण नजर लगेच जात नाही. वर्गातील मुलाला ती नजर जाणवत असते.

प्रश्न असा, की त्या नजरेचे मुलाच्या शरीरात नेमके काय होते? आणि श्वासावर लक्ष देण्यासारख्या साध्या साधनाने त्यावर काही उतार पडू शकतो का? अमेरिकेत वर्णभेद सोसणाऱ्या लोकांच्या संदर्भात 'वांशिक ताण' ही संज्ञा वापरली जाते आणि त्यावर श्वसन व ध्यान यांचे उपाय सुचवले जातात. वंश आणि जात या एकच गोष्टी नाहीत. पण अपमान कोणत्या कारणाने झाला हे हृदय विचारत नाही. म्हणून त्या संशोधनातून आपल्यालाही शिकण्यासारखे आहे.

अपमानाची शरीरक्रिया

आपल्या शरीरात हृदयाचे ठोके, पचन, घाम यांसारखी कामे आपल्या नकळत चालवणारी स्वायत्त चेतासंस्था असते. तिचे दोन मुख्य भाग आहेत. अनुकंपी भाग शरीराला धावपळीसाठी सज्ज करतो, तर परानुकंपी भाग त्याला विसावा देतो. धोका दिसताच अनुकंपी भाग जागा होतो आणि अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रेनॅलिन स्रवते. हृदय जोराने चालते, रक्त स्नायूंकडे वळते, तोंड कोरडे पडते. 'लढा किंवा पळा' असे या तयारीचे वर्णन अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास केले. काही मिनिटांनी त्याच ग्रंथीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि ही सज्जता टिकवून धरते.

शेतात साप दिसला तर ही व्यवस्था जीव वाचवते. साप निघून जातो, दहा-वीस मिनिटांत शरीर पूर्ववत होते. वर्गातील मुलाला मात्र लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. तयारी पूर्ण, पण ती वापरायला वाव नाही, अशी त्याची अवस्था होते.

कोणत्या प्रसंगात कॉर्टिसॉल सर्वांत जास्त वाढते, हे पाहण्यासाठी डिकरसन आणि केमेनी या दोन संशोधकांनी २००४ मध्ये प्रयोगशाळेतील २०८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. दोन गोष्टी एकत्र आल्या की वाढ सर्वाधिक होते, असे त्यांना आढळले. पहिली म्हणजे, दुसरे लोक आपल्याला जोखत आहेत ही जाणीव. दुसरी म्हणजे, आपण काहीही केले तरी निकाल आपल्या हातात नाही ही जाणीव. अशा प्रसंगानंतर शरीर पूर्ववत व्हायलाही सर्वांत जास्त वेळ लागतो. जातीवरून होणाऱ्या अपमानात या दोन्ही गोष्टी असतात. जन्म बदलता येत नाही आणि बघणारे डोळे समोरच असतात.

असा प्रसंग एकदाच घडला तर शरीर सावरते. वारंवार घडला तर? अमेरिकन संशोधक अर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्याचा अभ्यास करताना 'झिजणे' या अर्थाची संज्ञा मांडली. भेदभाव आणि वंचितता यांच्या सततच्या माऱ्याने शरीर वयाआधी झिजते, असा तिचा आशय. वखराची पास खडकाळ रानात लवकर झिजते. त्यात पासेचा दोष नसतो, रान तसे असते.

जात उच्चारली आणि गुण घसरले

याचा अभ्यासाशी संबंध दाखवणारा एक प्रयोग आपल्याच देशातला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत उच्चवर्णीय ३२१ आणि दलित ३२१ अशा शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांची जात जाहीर केली नाही, तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. मात्र कोडी देण्यापूर्वी मुलांची नावे जातीसह सर्वांसमोर जाहीर केली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी ठळकपणे खाली आली. मुले त्याच गावांतली, कोडी तीच. फक्त वर्गात एक शब्द उच्चारला गेला होता.

प्रयोगाचा पुढचा भाग अधिक बोलका आहे. बक्षीस कुणाला मिळणार यात माणसाचा हात नाही, ते चिठ्ठीने ठरणार आहे, असे सांगितले तेव्हा ही दरी नाहीशी झाली. म्हणजे मुलांची बुद्धी कमी पडत नव्हती. 'आपल्याला न्यायाने जोखले जाणार नाही' ही धास्ती त्यांची उमेद खात होती. अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरनसन यांनी १९९५ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबाबत याच जातीचा परिणाम नोंदवला होता.

ताणाचा मेंदूवरचा परिणामही याला जुळणारा आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग आकडेमोड करताना मधल्या पायऱ्या ध्यानात धरतो. तीव्र ताणात मेंदूत वाढणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनसारख्या रसायनांमुळे नेमका हाच भाग मंदावतो. आपल्या कल्पित मुलाला अपूर्णांक सुचला नाही, याचा एक खुलासा येथे मिळतो. त्याचे लक्ष होते, पण ते भलत्या कामाला जुंपले गेले होते.

श्वासच का?

स्वायत्त चेतासंस्था आपले ऐकत नाही. "हृदया, हळू चाल" असे म्हणून ते हळू चालत नाही. श्वासाचे मात्र वेगळे आहे. आपण झोपलो तरी तो चालतो, म्हणजे तो स्वयंचलित आहे. आणि मनात आणले तर आपण तो लांबवू शकतो, थांबवू शकतो, म्हणजे तो इच्छाधीनही आहे. अशी दुहेरी सत्ता असलेली महत्त्वाची क्रिया शरीरात क्वचितच सापडते. म्हणूनच या बंद यंत्रणेला बाहेरून असलेली मूठ म्हणजे श्वास, असे म्हणता येईल.

ही मूठ फिरवली की काय होते ते पाहू. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून व्हेगस नावाची दहावी कपाल चेता निघते. परानुकंपी भागाचा हा मुख्य मार्ग. हृदयाला मोकळे सोडले तर ते मिनिटाला सुमारे १०० ठोके देईल. विश्रांतीत ते ७०-७५ वर राहते, याचे कारण व्हेगस चेता त्याला सतत लगाम घालत असते. आपण श्वास आत घेतो तेव्हा हा लगाम किंचित सैल होतो आणि ठोके जवळजवळ पडतात. श्वास सोडतो तेव्हा लगाम आवळतो आणि ठोके दूरदूर पडतात. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्येच याची नोंद केली होती. यावरून उच्छ्वास लांबवण्याला महत्त्व का दिले जाते ते कळेल.

दुसरी गोष्ट श्वासाच्या गतीची. रक्तदाब स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेची स्वतःची एक लय असून तिचे आवर्तन सुमारे दहा सेकंदांचे असते. आपण मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले, तर दोन्ही लयी जुळतात. झोक्याला नेमक्या क्षणी हलका धक्का दिला की तो उंच जातो, तसे हृदयगतीतील चढउतार मोठे होतात. २००१ मध्ये इटलीतील बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र म्हणणाऱ्यांची तपासणी केली. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येत होती. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण फुप्फुसांची लय एक!

तिसरा दुवा मेंदूतला आहे. श्वासाचा ताल देणाऱ्या चेतापेशींचा पुंजका १९९१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून लंबमज्जेत सापडला. २०१७ मध्ये असे दिसले, की त्यातील काही पेशींचे धागे मेंदूला 'सावध हो' म्हणणाऱ्या केंद्राकडे जातात. त्या पेशी काढून टाकल्यावर उंदीर नेहमीपेक्षा शांत राहू लागले. माणसाबाबत एवढे थेट पुरावे नाहीत, पण श्वासाची खबर सावधतेच्या केंद्राला मिळते, हे यातून दिसते.

एक गैरसमज येथेच दूर करू. 'खोल श्वासाने रक्तात ऑक्सिजन वाढतो आणि म्हणून बरे वाटते' असे सर्रास सांगितले जाते. निरोगी माणसाच्या धमनीतील हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच ९५ टक्क्यांहून अधिक संपृक्त असते. तिथे आणखी भर पडायला फारशी जागाच नाही. उलट भराभर खोल श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, मेंदूकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात. म्हणून उपयोग आहे तो श्वास संथ करण्याचा, जोरात करण्याचा नव्हे.

करून पाहा

विद्यार्थ्यांच्या जोड्या करा. पाच मिनिटे शांत बसल्यावर अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर नाडी शोधून एक मिनिटभर ठोके मोजा आणि वहीत लिहा. आता चार सेकंद श्वास आत आणि सहा सेकंद बाहेर, असे तीन मिनिटे करा. मध्ये श्वास रोखू नका. ओढूनताणून भरभरून श्वास घेऊ नका. पोट हलके वरखाली होऊ द्या. या काळात बोट नाडीवरच ठेवा. श्वास आत जाताना ठोके जवळ येतात आणि बाहेर जाताना लांबतात, हे अनेकांना बोटालाच कळेल. किशोरवयात हा फरक विशेष ठळक असतो. शेवटच्या मिनिटाचे ठोके पुन्हा मोजा.

एकूण ठोके फारसे कमी झाले नाहीत तरी प्रयोग फसला असे समजू नका. येथे मुख्य बदल सरासरीत नसून चढउतारात असतो. सर्व जोड्यांचे आकडे फळ्यावर मांडून, कुणाचे नाव न लिहिता, सरासरी काढली तर गणिताचाही तास होतो.

याच्या उलट बाजूचा, म्हणजे चार लोकांसमोर जोखले जाण्याचा प्रयोग मुलांवर करू नये. तो शिक्षकांनी स्वतःवर करावा. सहकाऱ्यांसमोर उभे राहून १०२२ मधून १३ वजा करत जा, चुकल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि ऐकणाऱ्यांनी चेहऱ्यावर काहीही दाखवायचे नाही. नंतर नाडी मोजा. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात १९९३ मध्ये तयार झालेली ताणाची प्रमाणित चाचणी साधारण अशीच आहे. फळ्यासमोर उभे केलेल्या मुलाला काय वाटते, ते दोन मिनिटांत समजते.

नुसते पाहणे

श्वास बदलणे ही एक रीत झाली. दुसरी रीत म्हणजे श्वास न बदलता तो येताना-जाताना नुसता पाहणे. पाली परंपरेत तिला आनापान म्हणतात. १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून आलेल्या सत्यनारायण गोएंका यांनी भारतात विपश्यनेची शिबिरे सुरू केली. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी हे त्यांचे प्रमुख केंद्र बनले. पुढे महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने 'मित्र उपक्रम' या नावाने शाळांतही आनापानाचा सराव आणला. आपल्या वाचकांपैकी काहींनी त्याचे प्रशिक्षणही घेतले असेल.

या सरावाचे तत्त्व सोपे आहे. मन भटकते, ते भटकल्याचे लक्षात येते आणि आपण पुन्हा श्वासाकडे येतो. असे शेकडो वेळा घडते. यातून 'मला राग आला आहे', 'मला लाज वाटते आहे' हे ओळखण्याची सवय लागते. अपमान झालेल्या मुलाच्या मनात 'मी असाच आहे' हे वाक्य घर करते. त्या जागी 'मला आत्ता असे वाटते आहे, कारण तो तसे बोलला' हे वाक्य आले, तर दोष ज्याचा त्याच्याकडे जातो. आमच्या मते ध्यानाचा या बाबतीतला खरा उपयोग हा आहे.

मात्र याच्या मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. ब्रिटनमध्ये ११ ते १३ वयोगटातील आठ हजारांहून अधिक मुलांवर सजगता-ध्यानाची मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हे धडे मिळालेल्या मुलांचे मानसिक आरोग्य नेहमीच्या कार्यक्रमातील मुलांपेक्षा सुधारले नाही. सर्वांना सरसकट लावलेले ध्यान मुलांनी फारसे मनावर घेतले नव्हते. शिवाय ज्यांनी काही भयंकर सोसले आहे, त्यांना डोळे मिटून आत पाहणे कधीकधी अधिक त्रासाचे ठरते.

बाबासाहेबांचा प्रश्न

आणखी एक मर्यादा प्रयोगशाळेत दिसणार नाही. मुलाचा अपमान झाला आणि आपण त्याला श्वास मोजायला बसवले. तो शांत झाला. वर्गही शांत झाला. पण अपमान करणाऱ्याला कुणी काही विचारले का? तसे झाले नसेल, तर आपण जखम बरी केली की तक्रार दाबली?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. नळाला हात लावायची बंदी असल्याने चपराशाने नळ सोडला तरच पाणी मिळे. चपराशी नसेल त्या दिवशी तहान तशीच राही. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क बजावणारे बाबासाहेब तेच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, आजारी आणि मृत माणूस दिसणे हे नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे आहे. म्हणजे दुःखाचा उगम माणसा-माणसांतील व्यवहारातही आहे, हे बाबासाहेबांनी कथेच्या सुरुवातीलाच ठसवले. दुःख केवळ मनात असते तर मन आवरून भागले असते. ते व्यवहारात असेल तर व्यवहारही बदलावा लागतो.

हॉफ आणि पांडे यांच्या प्रयोगाचा निष्कर्ष याहून वेगळा नाही. तेथे मुलांना कुणी श्वास शिकवला नव्हता. बक्षीस देण्याची रीत बदलली आणि दरी मिटली.

वर्गात काय करता येईल

क्रम महत्त्वाचा आहे. आधी अपमान थांबवायचा, मग श्वास. प्रवर्ग, जात, शिष्यवृत्तीचा प्रकार यांचा वर्गात मोठ्याने उच्चार करू नये. अर्ज प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे भरून घ्यावा. गोरबोलीत आईला 'याडी' म्हणतात. तांड्यावरचे मूल वर्गात तसे म्हणाले तर ती चूक नाही, तो दुसऱ्या भाषेतला बरोबर शब्द आहे, हे शिक्षकांनीच सर्वांसमोर सांगावे. चिडवण्याचा प्रकार घडल्यास चिडवणाऱ्याशी बोलावे आणि मुख्याध्यापकांच्या कानावर घालावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे, याचाही विसर पडू नये.

त्यानंतर श्वासाचा सराव. तो संपूर्ण वर्गाने करावा आणि शिक्षकांनीही सोबत करावा. एकट्या मुलाला वेगळे बसवले तर तोच नवा शिक्का ठरेल. पाच मिनिटे पुरेत. डोळे उघडे ठेवायची मुभा असावी. नको असेल त्याला खिडकीबाहेरचे झाड पाहत बसू द्यावे. भराभर श्वासाचे आणि श्वास रोखण्याचे प्रकार वर्गात टाळावेत. दमा असलेल्या मुलाला त्याच्या सोयीने करू द्यावे, आणि चक्कर आल्यास कुणीही लगेच नेहमीच्या श्वासावर यावे. श्वास मोजणे ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. सरावानंतर मूल काही सांगू लागले तर ऐकून घ्यावे. 'जाऊ दे, विसरून जा' असे म्हणू नये.

आता पुन्हा त्या सहावीच्या वर्गात जाऊ. गुरुजींनी यादी मिटून ठेवली आहे. अर्ज एकेकाला जवळ बोलावून भरले जात आहेत. चाचणीपूर्वी सगळा वर्ग, गुरुजींसह, पाच मिनिटे संथ श्वास घेतो आहे. तांड्यावरच्या मुलाच्या हृदयाला व्हेगस चेतेने लगाम घातला आहे. पण त्याहून मोठा आधार त्याला वेगळाच आहे. आपल्याला येथे न्यायाने जोखले जाईल, असे त्याला आज वाटते आहे. श्वास संथ करण्याचे काम तो स्वतः करू शकतो. हा विश्वास मात्र त्याला शाळेनेच द्यायचा आहे.